मानकरी

तेरच्या पांढरीत खोदकामाला होतो मी तेव्हा,
चौथ्या खड्ड्यात, रोजावर.
साहेब म्हणाले, हळू. ब्रशनं.
मातीतून वर आली एक बाई, तळहाताएवढी,
पाय फाकून, बाळंत होत असलेली,
आणि धडावर डोकं नाही.
तुटलंय, मी म्हणालो.
नव्हतंच, साहेब म्हणाले.

पुढचं मातीनं सांगितलं असं म्हणू का? नको.
मीच रचलं, घमेली वाहता वाहता.

तेव्हा तेरला तगर म्हणत.
गाड्या भरून मलमल समुद्राकडं जाई,
परतीला दारूचे लांब मानेचे रांजण.
राजा खंदनाग, वाछीचा पुत्र,
लढाई हरून आलेला.
मान खाली घालून वेशीत कसं शिरावं,
म्हणून अवसेच्या रात्री शिवेवरच्या वेताळाला बिलगला.
वेताळ म्हणाला, मरण काढून घेतो.
तहान ठेवून जातो.
राजा पहिल्या वाक्यालाच हो म्हणून बसला होता.

सकाळी त्याची पावलं उलटी.

आला की गेला, कळेना कुणाला.
माग बघून लोक दुसरीकडं पळत
आणि नेमके त्याच्याच दारात पोचत.
महालाच्या तुळयांना सात अमात्य खाली डोकं वर पाय,
दिवसा झोपत, रात्री हिशेब लिहीत:
जकात वेगळी, धान्याचा सहावा हिस्सा वेगळा,
आणि दर चैतात गावाची एक मान.
ज्याची पाळी त्याला हार घालून
वाजतगाजत न्यायचे.
त्याला म्हणायचे मानकरी.
शब्द अजून आहे आमच्यात.
जत्रेत पहिला नारळ कुणाचा
यावरनं डोकी फुटतात.

कुंभारणीचं नाव होतं पुसा.
पुसलं गेलं, हेही ओघानंच आलं.
नवरा मानकरी झाला एका चैतात,
दीर पुढल्या चैतात.
तिसऱ्या साली ती, दिवस भरलेली.
तिनं दोन साचे जुळवले,
पोट केलं, मांड्या केल्या,
खांद्यापाशी आली आणि हात थांबवला.
मानेच्या जागी कमळ ठेवलं,
उमललेलं.

राजा आला तेरणेच्या काठानं. की गेला.
आवा धगधगत होता,
आणि पुढ्यात ती, आता तळहाताएवढी नाही,
घराएवढी,
कळा देत.
त्यानं वाकून चाचपलं. खांदा. मग पाकळ्या.
पुन्हा खांदा.
दात लावायला जागाच नाही.
अंधारात किल्ली शोधावी तसा शोधत राहिला रात्रभर.
कोंबडा आरवला तरी वाकलेलाच,
आणि तिच्या मांड्यांमधून उजेड बाहेर येत होता,
डोक्याकडून.

रक्तबीजाचं आपण ऐकलंय:
थेंब पडला की राक्षस उठतो,
म्हणून देवीनं जीभ पसरली.
इथं जीभ काळीची होती.
चैतातली काळी, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा,
राजाच्या तहानेहून जुनी तहान.
उजेड लागला तसा तो फुटला,
अख्ख्या गावाचं रक्त त्याच्यातून सांडलं,
तिनं एक थेंब वर ठेवला नाही.

रब्बीत तिथं करडई आली.
काटेच काटे, आणि वर तांबडी-केशरी फुलं.
रंगारी ती तोडून नेत, मलमल त्यात बुडवत.
समुद्रापार कुणाच्या गळ्याला ते कापड लागलं
माहीत नाही.

पुसाच्या पोराचंही माहीत नाही मला.
तेवढं रचायच्या आत खड्डा बुजवला.

बाई आता कपाटात आहे, काचेमागं.
चिठ्ठीवर लिहिलंय: शिर भग्न.
मी राखणदाराला म्हणालो, हे चुकलंय.
तो म्हणाला, तुमचा रोज मिळाला का सगळा?
नाही.
दोन आठवड्यांचा बाकी आहे.